बायजाच्या घराचं पान

मंजुळा,

शाळेतले लोक भेटायला येतात आणि विचारतात, बाई शेवटी काय बोलल्या? त्यांना वाटतं, देवाचं नाव घेतलं असशील, किंवा माझा हात धरून काही निरवानिरवीचं सांगितलं असशील. मी मान खाली घालतो. त्यांना कसं सांगू की तू भांडत होतीस? अंगात ताप, वरून पाऊस, होडीत पाणी, आणि तू काकाशी पुस्तकाच्या एका पानावरून भांडत होतीस. माझ्याशीही भांडायचं होतंच तुला. ते राहिलं.

मुलींच्या शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. हेडमास्तरांनी तुझा जन्म, शिक्षण, नोकरी असं सगळं ओळीनं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, स्वभाव अत्यंत मनमिळाऊ. मनमिळाऊ! तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. लोकांना वाटलं, मला हुंदका आला. शेजारच्या मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

म्हणून हे मी माझ्या हातानं लिहितोय. मी चित्रं काढणारा माणूस, लिहिणं तुझं काम. पण आता दुसरं कोण लिहिणार?

माझगावच्या गोदीत काम करणाऱ्या बापाची तू सातवी पास झालेली मुलगी. लग्न होऊन खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात, सारंगपाखाडीत आलीस तेव्हा बायका तुझ्या बोलण्याला हसायच्या. मुंबयची मैना आयली, म्हणायच्या. तू मात्र त्यांच्यात जाऊन बसायचीस. ओट्यावर वाकट्यांची मासळी निवडताना कुणी काही गुणगुणलं की विचारायचीस, पुढची ओळ काय? हा शब्द कुठला? आरमाराच्या काळात आपल्या पाखाडीत गलबतं हाकणारे सारंग आणि तांडेल राहायचे, किल्ल्यावरचा बावटा दिसला की इथल्या घरातून माणसं धावत गलबतांवर चढायची, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकून ऐकून विसरलो होतो. तुझ्यामुळे मला ती नव्यानं ऐकू आली. धक्क्याकडे उतरणारी ती दगडी पायवाट, तिच्या तोंडाशी जमिनीत अर्धी पुरलेली जुनी तोफ, तिला बांधलेले होड्यांचे दोर. मी रोज त्या दोरांवरून उडी मारून तरीकडे, खाडीपार नेणाऱ्या होडीकडे धावायचो. तू थांबून बघायचीस.

पलीकडे रेवदंड्याला तू मुलींच्या शाळेत शिकवायचीस, मी मुलांच्या शाळेत चित्रकला. एकदा तिथून परतताना तरीत बसलो होतो. तू शाळेचं क्रमिक पुस्तक माझ्यापुढे धरलंस.

"यात आंब्याचं झाड आहे. राजाचा हत्ती आहे. आगगाडी आहे," तू म्हणालीस. "यातलं एक तरी आपल्या पाखाडीत आहे का?"

"नाही."

"आणि पाखाडीत जे आहे ते यात आहे का?"

मी काही बोलायच्या आत तूच ठरवून टाकलंस. गाणी तू लिहायची, चित्रं मी काढायची. पानागणिक पाखाडीतली एक जागा. पोरांनी पान उलटलं की स्वतःचं दार दिसलं पाहिजे.

तो वर्षभराचा काळ मला आता फार सुखाचा वाटतो, जरी आपण तेव्हाही भांडतच होतो. तोफेवरचं गाणं तू एका दमात लिहिलंस:

तोफ म्हातारी जमिनीत बसली,
कमरेला तिच्या दोरी;
लढाया सरल्या, आता राखते
होड्या, जशा तिच्या पोरी.

मग वाकट्यांचं:

दोरीवरती वाकट्या वाळती
चंदेरी फिती लांब लांब;
खाली मांजर ध्यान लावुनी
म्हणे, "वाऱ्या, जरा थांब!"

मी मांजर काढलं. तू म्हणालीस, फार जाड आहे. मी म्हणालो, कोळ्याच्या घरचं मांजर आहे, जाडच असणार. तू दोन दिवस ऐकलं नाहीस. शेवटी नाखव्याचं खरं मांजर उचलून आणून माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "बरं, राहू दे."

नाखवा म्हणजे माझा काका, रामा नाखवा. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. माझा बाप समुद्रात गेला तेव्हा मी लहान होतो. काकानं मला आपल्या घरी नेलं. त्याच्या मासेमारीच्या मचव्याच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, मी डोळे रंगवायचो. ते बघून त्यानंच मला मुंबईच्या चित्रशाळेत धाडलं. गावकीचा तो प्रमुख. त्याचा शब्द पाखाडीत शेवटचा. पुस्तकाची गोष्ट कानावर गेली तेव्हा तो एवढा खूश झाला की मुंबईच्या शिळाछापखान्याचा खर्च त्यानं परस्पर भरून टाकला. अट एकच घातली, पहिल्या पानावर आरमारातलं गलबत पाहिजे. मी काढलं. काका ते बघायला आला आणि चित्रावर वाकला. "माझा खापरपणजा ह्याच्या सुकानूवर व्हता," म्हणाला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुलाही तेव्हा काका आवडायचा, मंजुळा. नाही म्हणू नकोस.

आणि बायजा. पाखाडीत हळद असली की पहिला सूर बायजाचा. तिनं सूर धरला की मगच बाकीच्या बायका उचलायच्या. तुझ्या निम्म्या गाण्यांच्या चाली तिच्याच. तिचा नवरा पांडू काकाच्या मचव्यावर तांडेल होता. तोफेच्या मागचं निळं दार त्यांचं. तुझं तिसरं पान तेच होतं.

पुस्तक जवळजवळ पुरं झालं होतं आणि मचवा बुडाला. सत्याग्रहाची धामधूम नुकतीच निवली होती, होळी तोंडावर होती. दोन माणसं परत आली नाहीत. पांडू फळीला धरून वाचला. पोलिसांची चौकशी झाली, प्रकरण अलिबागच्या कोर्टात गेलं. गावकीनं ठरवलं होतं की सगळ्यांनी एकच सांगायचं, अचानक वारा फिरला. पांडूनं कोर्टात उभं राहून सांगितलं की शीड फाटकं होतं, आणि ते नाखव्याला सांगितलेलं होतं.

कोर्टानं काकाला दंड केला. काकानं तो भरला आणि परत आल्यावर देवळासमोर गावकी बसवली. पाखाडीचा वाद पाखाडीबाहेर नेला म्हणून पांडूचं घर वाळीत टाकलं. दवंडी पिटली गेली. त्या घराला विहिरीचं पाणी नाही, विस्तव नाही, त्या घराशी बोलणं नाही, त्याची होडी लोटायला कुणी हात लावायचा नाही. जो लावील तोही वाळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा रिकामी घागर घेऊन विहिरीवरून परत येताना मी पाहिली. वाटेवरच्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

आठवड्यानं काकानं मला बोलावलं.

"गोंदा, पोथी छाप," तो म्हणाला. "पन ते घर नको. तिथं माड काढ येक. मोठा काढ."

मी घरी येऊन तुला सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. हात थांबला नाही तुझा.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघतो म्हणालो."

"काय बघणार आहात? घर तिथं आहे की नाही, ते?"

मंजुळा, मी तेव्हा जे म्हणालो ते मी आजही म्हणतो. पुस्तक पोरांसाठी होतं. पाखाडीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं की माडाच्या जागी कुणाचं दार आहे. एक पान गेलं असतं तर बाकीची सगळी पानं घराघरांत पोचली असती. आज ना उद्या बंदी उठली असती, दुसऱ्या छपाईत पान घातलं असतं. आणि समोर कुणी परका नव्हता. ज्यानं मला घास भरवला तो माणूस होता. तू म्हणालीस, बायजाच्या चाली घ्यायच्या आणि बायजाच्या दारावर झाड लावायचं, हे तुम्हाला जमेल, मला नाही जमणार. त्यानंतर तू वाढायचीस, मी जेवायचो. शब्द नाही. तरीत सुद्धा तू बायकांच्या बाजूला जाऊन बसायचीस.

मी दोन चित्रं काढली. एकात घर होतं, निळं दार उघडं. दुसऱ्यात माड. माडाचं चित्र जास्त चांगलं उतरलं, हे मला फार लागलं.

मुंबईची आगबोट दुपारची होती. छापखान्यात न्यायचं चित्रांचं बाड बांधून मी काकाच्या पाया पडायला गेलो. बाडात माड होता. तुला ते ठाऊक होतं, कारण दुसरं चित्र मी पेटीवरच ठेवून निघालो होतो. काकाच्या अंगणात नवं कोरं शीड पसरलं होतं, काकी आणि चार बायका त्याच्या कडा शिवत होत्या. मी वाकलो, आणि मागून तू आलीस.

तू शिडाच्या कडेशी थांबलीस. त्यावर पाय दिला नाहीस.

"काका, एक पान ऐकून घ्या. मग नको म्हणा."

"घर नको म्हनलं म्हंजे गानं बी नको," काका म्हणाला.

"ऐका तरी."

त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू हात मागे बांधून, वर्गात मुली म्हणतात तसं म्हटलंस:

तोफेमागचं दार निळं,
बायजा आत गाणं गाई;
तिनं पहिला सूर धरल्यावाचून
नवरीला हळद लागत नाही.

काकीची सुई शिडात तशीच राहिली. तिच्या धाकट्या लेकीची हळद होऊन थोडेच दिवस झाले होते. बायजाला बोलावणं नव्हतं. पहिला सूर कुणाला धरता येईना, दोघीतिघींनी एकदम सुरू केलं, तिघींचं तीन तऱ्हेचं झालं, आणि नवरी पाटावर बसून रडायला लागली होती. त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला ते आठवलं. कुणी वर पाहिलं नाही.

"पोरी," काका अगदी हळू म्हणाला, "हे तू मना शिकवतेस?"

"नाही काका. हे मी पोरांना शिकवणार आहे."

तो उठला. मी त्याला मारताना कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला वाटलं, आता हात उगारेल. त्यानं तुझ्याकडे पाहिलंच नाही.

"ज्या घराचं गानं हिला येवढं ग्वाड लागतंय, त्या घराच्या पंगतीला बसूं दे हिला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गोंदा, तुझं काय?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तू बघत नव्हतीस. तू शिडाकडे बघत होतीस. बाड माझ्या काखेत होतं आणि त्यात माड होता. मी म्हणू शकलो असतो की काका, हे बघा, तुमच्या मनासारखंच केलंय. ते खरंही होतं.

"ती माझी बायको आहे, काका," मी म्हणालो.

"मंग दोघांनी जा."

घरी आल्यावर मी तुझ्यावर जेवढा ओरडलो तेवढा कधी कुणावर ओरडलो नसेन. शेजारी ऐकत होते, पण आता शेजाऱ्यांनी आपलं काही ऐकायचं नव्हतं.

"तू मला विचारलं नाहीस!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग ते माझं 'नाही' होतं. ते तू कोण घेणारी?"

तू सरळ पेटीकडे गेलीस. पेटीवरचं चित्र उचललंस, बाड सोडलंस, माड बाहेर काढलास, घर आत ठेवलंस आणि पुन्हा बांधून माझ्या हातात दिलंस. आगबोट सुटायला आली होती. मी ते घेऊन गेलो. रागानं गेलो, पण गेलो.

काकानं छापखान्यातून पैसे मागे घेतले असतील असं मला वाटलं होतं. घेतले नव्हते. का, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

पुस्तकं आली. पाखाडीत कुणी हात लावला नाही. अलिबाग, पेण, पाली, तळा, जिथं जिथं मास्तर ओळखीचे होते तिथं आपण पाठवली. पहिली प्रत मात्र तू बायजाकडे घेऊन गेलीस, आणि मी मागोमाग आलो. मला वाटलं होतं, ती रडेल. तुलाही तसंच वाटलं होतं, खरं सांग.

बायजानं पान पाहिलं. बोटानं दार चाचपलं. मग पुस्तक मिटून तुझ्या हातात परत दिलं.

"माजं घर कागदावर काढून मना काय भेटलं?" ती म्हणाली. "मना पानी पायजे व्हतं. आदी आमी दोघं व्हतो, आता चौघं झालो. तुला कुनी सांगितलं व्हतं गो, बाय?"

त्या दिवशी परत येताना तू पहिल्यांदा रडलीस. मी तुला काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.

पुढची तीन वर्षं कशी गेली हे तू आणि मी आणि ती दोघं जाणतो. पाणी डोंगरावरच्या झऱ्याचं. तरीवाला पलीकडच्या गावचा, म्हणून शाळा टिकली. तो आपल्याला घ्यायचा, पण बोलायचा नाही. होळीला पाखाडी नाचायची आणि आपण दार लावून बसायचो. बायजानं तुला माफ केलं की नाही, मला कधी कळलं नाही. पण ती रोज तुझ्याबरोबर झऱ्यावर यायची आणि चढावर दम लागला की थांबून तुला एखादी ओळ सांगायची, रागावल्यासारखी. तू ती घरी येऊन मला म्हणून दाखवायचीस. ती रागातली गाणी अजून माझ्या कानात आहेत.

एकदा काकी मागच्या दारानं आली. दंडाची भीती घेऊन, पदरात तोंड लपवून. पाखाडीतल्या बायका सुकी मासळी घेऊन पालीच्या बाजारात गेल्या होत्या. देवळाजवळ शाळेतली मुलं ओरडत चालली होती, तोफ म्हातारी जमिनीत बसली. बायका टोपल्या घेऊन थबकल्या.

"भटाची पोरं आमची तोफ गात व्हती," काकी म्हणाली. "मंग तेंनी बायजाचं गायलं. आमी कुनी काय बोललो न्हाय. पन पुरी वाट आमच्या डोक्यात तेच."

आणि तू तिला विचारलंस, "चाल बरोबर धरली होती का पोरांनी?" बाई, वाळीतल्या घरात जिवावर उदार होऊन माणूस आलंय, आणि तुला चालीची पडली होती!

यंदा आषाढात तुला ताप चढला. उतरेना. पलीकडे रेवदंड्याला डॉक्टर, पण वारा सुटलेला, तरीची होडी बंद. मी धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. घरांच्या दारातून माणसं दिसत होती. कुणी बाहेर आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. घरोघरी पोरंबाळं होती. परत आलो तर आपल्या उंबरठ्यावर काका उभा होता, नखशिखांत भिजलेला.

"बायला उचल," तो म्हणाला. "माझी होडी लावलीय."

"आपण दोघंच? या पाण्यात?"

त्यानं खालच्या निळ्या दाराकडे बघितलं.

"पांडूला हाक मार."

पांडू आला. थेट सुकाणूवर बसला. काका एका वल्ह्याला, मी दुसऱ्याला. मधे शिडाच्या तुकड्याखाली तू. कोर्टानंतर ती दोघं माणसं एकमेकांच्या एवढ्या जवळ कधी आली नव्हती. खाडीच्या मधोमध लाट आडवी यायला लागली. मला वाटलं होतं, एकमेकांचा राग काढतील, किंवा अबोल्यापायी चुकतील आणि आपण सगळे बुडू. पण दोघांच्या तोंडून फक्त होडीपुरते शब्द येत होते. दाबा. सोडा. आता नको. आता.

आणि तेवढ्यात तू डोळे उघडलेस.

"काका, घर खोटं काढलंय का आम्ही?"

"गप पड, बाय. तोंडात पानी जाईल."

"सांगा ना. खोटं आहे?"

काकानं वल्हं मारलं. पुन्हा मारलं. पावसानं त्याचे डोळे मिटत होते.

"खरं हाय," तो म्हणाला. "म्हनून तर नको व्हतं."

मागे सुकाणूवर पांडूनं ऐकलं. तो इतकंच म्हणाला, "डावं दाबा, नाखवा." तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मग तुम्ही मला..." आणि लाट अंगावर आली. पाणी उपसून होईपर्यंत तुझी शुद्ध गेली होती.

रेवदंड्याचा डॉक्टर म्हणाला, मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणून तिथून टांग्यानं अलिबागला नेलं. दवाखान्यात तू पुन्हा बोलली नाहीस. अग्नी तिथंच, समुद्राकाठी दिला. माझ्याबरोबर शाळेतले मास्तर होते, पांडू होता आणि काका होता.

मग तुला काय विचारायचं होतं? मग तुम्ही मला का नाही अडवलंत? मग तुम्ही मला माफ केलंत का? की नुसतंच, मग तुम्ही मला काय म्हणता आता? मी सगळी वाक्यं लावून बघतो. एकही नीट बसत नाही.

तुझे दिवस झाले, आणि गावकीचा निरोप आला. मास्तरनं नारळ घेऊन यावं, पंचांपुढे ठेवावा, चुकलं म्हणावं, घर मोकळं होईल. काकानं घडवून आणलं होतं ते. पांडूचं नाव निरोपात नव्हतं. मी बायजाकडे जाऊन सांगितलं.

"जा तू," ती म्हणाली. "येकाचं तरी सुटूं दे."

"मंजुळा असती तर?"

"ती असती तर तुला इचारलंच नसतं तिनं."

मी गेलो. देवळाच्या पायऱ्यांवर पंच, अंगणात पाखाडी, आणि पलीकडे भिंतीशी, वाळीतल्या माणसानं उभं राहायच्या जागी, पांडू. मी नारळ हातात घेऊन त्याच्याजवळ उभा राहिलो.

"मास्तर, पुढं या," पंचांतला म्हातारा म्हणाला.

"पांडूला बोलावलंत तर दोघं येतो."

"ते येगळं हाय."

"मग मी इथंच बरा आहे."

 गलका उठला. कुणी म्हणालं, ह्याची बायको गेली तरी ताठा गेला न्हाय. काका उठला. मला वाटलं, आता त्या दुपारसारखं होणार. तो पायऱ्या उतरला, अंगणातून चालत आला आणि पांडूच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"होडीत तिघं व्हतो," तो पंचांना म्हणाला. "वाळीतल्या मानसासंगं मी वल्हं मारलं. नेम मीच केलाय. मंग मी तिकडं कसा बसू?"

"नाखवा, तुमची गोष्ट येगळी," म्हातारा म्हणाला.

"न्हाय." काका जमिनीकडे बघत होता. नंतरचं तो इतकं हळू बोलला की पुढच्या रांगेतल्यांनी मागच्यांना सांगितलं. "शीड फाटकं व्हतं."

 थोड्या वेळानं बुडालेल्यांपैकी एकाची आई उठली आणि घरी निघून गेली. ती अजून काकाच्या दारात पाऊल टाकत नाही.

मोठा निवाडा काही झाला नाही. पंच म्हणाले, बाकीचं नारळी पुनवेनंतर बघू, विहीर तेवढी उद्यापासून मोकळी. दुसऱ्या दिवशी बायजा घागर घेऊन गेली. बायका भिंतीकडे वळल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. तिनं पाणी शेंदलं, घागर भरली आणि घरी आली. मी दारात होतो. मला म्हणाली, "झऱ्याचं पानी ग्वाड व्हतं ह्याच्यापेक्षा." आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. पुस्तकाची एक प्रत काकी पदराखालून घेऊन गेली आहे. बाकीची तुझ्या पेटीत आहेत.

लोक मला येऊन सांगतात, शेवटी बाईंचंच खरं झालं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण तुझ्याशी घालणार. तुझं धैर्य मला कधी जमलं नसतं, हे मी मान्य करतो. तुझ्यामुळे मी जे एक खरं चित्र काढलं ते निळ्या दाराचं, हेही मान्य. तीन वर्षं डोंगर चढून आणलेलं पाणी तू निम्मं माझ्या वाट्याला द्यायचीस, ते मी विसरणार नाही. तरी तू मला विचारायला हवं होतंस, मंजुळा. त्या दुपारी, बाड बांधायच्या आधी, एकदा. तू धरून चाललीस की मी नाही म्हणालो असतो. मीही तेच धरून चाललो होतो. आता देवळाच्या भिंतीशी पांडूशेजारी उभा राहून आल्यापासून मला वाटतं, कदाचित हो म्हणालो असतो. आणि हे तुला सांगायला तू नाहीस.